ऑटोमॅटिक एसयूव्ही ऐन ओव्हरटेकच्या वेळी का अडखळते? गिअरबॉक्स खोलायला देण्याआधी हे वाचा

चिपळूणहून कराडकडे निघाला आहात. कुंभार्ली घाट संपत आलाय आणि गेली दहा मिनिटं समोर भरलेला ट्रक गुरगुरत चढतोय. शेवटी थोडा सरळ रस्ता दिसतो, समोर कोणी नाही. इंडिकेटर देऊन तुम्ही उजवीकडे निघता, ॲक्सिलरेटर दाबता आणि... काहीच होत नाही. एक सेकंद जातो, दीड सेकंद जातो. मग इंजिन एकदम ओरडतं, गचका बसतो आणि गाडी उसळी मारते. तोवर पुढच्या वळणावरून एसटीने तोंड बाहेर काढलेलं असतं.

दीड सेकंद म्हणजे किती मोठी गोष्ट, असं वाटेल. पण ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. समोरची गाडीही त्याच वेगात असेल, तर दीड सेकंदात तुमच्या दोघांमधलं अंतर ५० मीटरने कमी झालं. आणि हे ५० मीटर तुम्ही चुकीच्या बाजूला असताना गेले!

ऑटोमॅटिक गाडी घेतलेल्या बहुतेकांना हा अनुभव कधी ना कधी येतो. मग गाडी सर्व्हिस सेंटरला जाते. तिथे दोनपैकी एक उत्तर मिळतं. एक तर "साहेब, ऑटोमॅटिक आहे, असंच असतं." नाहीतर "गिअरबॉक्सचं काम निघालंय." गंमत म्हणजे दोन्ही उत्तरं कधी कधी बरोबर असतात. प्रश्न एवढाच की तुमच्या गाडीला कोणतं लागू पडतं? हे बऱ्याच अंशी तुम्हाला स्वतःला ओळखता येतं.

आधी गिअरबॉक्सची जात ओळखा

'ऑटोमॅटिक' हा शब्द एक असला तरी त्याच्या आत चार वेगवेगळी यंत्रं असू शकतात. एकाच नावाच्या गाडीतही फरक असतो. ह्युंदाई क्रेटाचंच बघा. साध्या पेट्रोल इंजिनला सीव्हीटी प्रकारचा गिअरबॉक्स (कंपनी त्याला आयव्हीटी म्हणते), डिझेलला टॉर्क कन्व्हर्टर आणि टर्बो पेट्रोलला ड्युअल क्लच. म्हणजे शेजाऱ्याच्या क्रेटाचा अनुभव तुमच्या क्रेटाला लागू होईलच असं नाही. गाडीच्या मॅन्युअलमध्ये प्रकार लिहिलेला असतो, तो आधी बघून घ्या.

एएमटी हा खरं तर मॅन्युअल गिअरबॉक्सच. फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम तुमच्या हातापायांऐवजी एक यंत्रणा करते. भारतात २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओमधून ही आली आणि स्वस्त असल्यामुळे लहान एसयूव्हींमध्येही पसरली. गिअर बदलताना क्लच सुटतो आणि तेवढा वेळ चाकांकडे ताकद जातच नाही. डोकं पुढे मागे होतं ते यामुळेच. हा तिचा स्वभाव आहे, आजार नाही.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं. दोन टेबल फॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही हळूहळू फिरू लागतात. इथे वाऱ्याच्या जागी तेल आहे, एवढाच फरक. चालणं एकदम मऊ, पण जोरात ॲक्सिलरेटर दाबला की गिअरबॉक्सला सहाव्या गिअरवरून चौथ्या किंवा तिसऱ्यावर यावं लागतं. याला 'किकडाऊन' म्हणतात आणि त्याला क्षणभर वेळ लागतो.

ड्युअल क्लच सगळ्यात चपळ, पण त्याची एक खोड आहे. तो पुढचा गिअर आधीच तयार ठेवतो. तुम्ही हळूहळू वेग वाढवत असाल तर त्याने वरचा गिअर काढून ठेवलेला असतो. नेमकं तेव्हाच तुम्ही पाय दाबून खालचा गिअर मागितला, की त्याचा अंदाज चुकतो आणि तयारी पुन्हा करावी लागते. तोच तो अडखळलेला क्षण.

सीव्हीटीत (होंडा एलिव्हेटमध्ये हाच आहे) ठरावीक गिअरच नसतात. दोन पुली आणि त्यांच्यावरून फिरणारा पट्टा. जोरात दाबलं की आधी इंजिनचा आवाज वाढतो आणि वेग मागून येतो. रबर ताणल्यासारखं वाटतं, म्हणून लोक घाबरतात.

गाडी मुद्दाम आळशी ठेवलेली असते

हे फारसं कोणी सांगत नाही. मायलेज आणि प्रदूषणाचे आकडे चांगले यावेत म्हणून ऑटोमॅटिक गाड्या शक्य तितक्या लवकर वरचा गिअर टाकतात. ताशी ५० ते ६० च्या वेगात तुमची गाडी शांतपणे वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर चाललेली असते. त्यात इंजिन टर्बो असेल तर साधारण १५०० आरपीएमच्या खाली टर्बोही अर्धवट झोपेत असतो, कारण त्याला फिरवायला पुरेसा धूर (एक्झॉस्ट) मिळत नाही.

आता तुम्ही अचानक पाय दाबलात. आधी कॉम्प्युटरने ठरवायचं की खरंच घाई आहे का. मग गिअर खाली यायचा, मग आरपीएम चढायचे, मग टर्बोने हवा भरायची. प्रत्येकाचा थोडा थोडा वेळ मिळून तो दीड सेकंद होतो. इको मोड चालू असेल तर आणखी वाढतो, कारण त्या मोडमध्ये पॅडल अर्धं दाबलं तरी गाडी ते पाव दाबल्यासारखं धरते.

घाटमाथ्यावर आणखी एक गोष्ट भर घालते. उंचीवर हवा विरळ होते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटरवर आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद गमावतं. गाडीत पाच माणसं, मागे बॅगा, एसी फुल्ल. मग ती धापा टाकणारच की!

आरपीएमचा काटा सगळं सांगतो

आता मुख्य मुद्दा. स्वभाव कोणता आणि बिघाड कोणता, हे ओळखण्यासाठी कोणतंही यंत्र विकत घ्यायची गरज नाही. डॅशबोर्डवर वेगाच्या काट्याशेजारी आरपीएमचा काटा किंवा आकडा असतो. गाडी अडखळते त्या क्षणी तो काय करतो ते बघा. चालवणाऱ्याने मात्र रस्त्यावरची नजर काढू नये. शेजारी बसलेल्याला डॅशबोर्डचा व्हिडिओ काढायला सांगा. हा व्हिडिओ पुढे सर्व्हिस सेंटरला दाखवायलाही कामी येतो.

काटा क्षणभर थांबला, मग झपकन वर गेला आणि गाडीही जोरात निघाली, तर तो किकडाऊन. यंत्र ठीक आहे, फक्त उशिरा जागं झालं.

काटा वर गेला, इंजिन ओरडलं, पण वेग मात्र वाढतच नाही? सीव्हीटी नसेल तर ही काळजीची गोष्ट आहे. इंजिन ताकद देतंय पण ती चाकांपर्यंत पोचत नाही, म्हणजे कुठेतरी घसरण होतेय. एएमटी किंवा ड्युअल क्लचमध्ये क्लच झिजलेला असू शकतो, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल कमी झालेलं, जुनं झालेलं किंवा आतले क्लच खराब. जळका वास येत असेल तर उशीर करू नका.

काटा वर जातच नाही, गाडी जणू नाक दाबल्यासारखी गप्प राहते, तर गिअरबॉक्सला दोष देऊ नका. इंजिनला हवा, इंधन किंवा तुमच्या पायाचा निरोप यांपैकी काहीतरी नीट मिळत नाहीये. काटा थरथरला, खाली वर झाला आणि गाडीला हिसके बसले, तर बहुतेक वेळा स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल किंवा इंधनाच्या पुरवठ्यात गडबड निघते.

आणखी एक सोपी चाचणी आहे. मोकळा, सरळ रस्ता निवडा. गाडी मॅन्युअल मोडमध्ये घ्या (लिव्हरवर एम किंवा अधिक-उण्याची खूण असते), तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमच्या आसपास ठेवा आणि ॲक्सिलरेटर थोडा थोडा करत दाबा, एकदम तळाला नको. लगेच ओढ लागली, तर इंजिन ठणठणीत आहे आणि उशीर होतोय तो गिअर बदलण्याच्या निर्णयात. इथेही गाडी अडखळली, तर गिअर बदलायचा प्रश्नच नव्हता, म्हणजे शोध बॉनेटखाली घ्यायचा.

मॅटमुळेही होतं बरं का

आमच्या घरातल्याच एका गाडीची गोष्ट. नवी एसयूव्ही, टॉर्क कन्व्हर्टर. काही महिन्यांनी तक्रार सुरू झाली की पूर्ण दाबूनही ती ओव्हरटेकला उठत नाही. एका सर्व्हिस सेंटरने गिअरबॉक्स उघडून बघावा लागेल असं सांगितलं. घरात चिंता, कारण तो खर्च ऐकूनच घाम फुटतो. शेवटी ओळखीच्या एका मेकॅनिकने खाली वाकून बघितलं आणि पायाखालचं जाडजूड सेव्हन-डी मॅट ओढून काढलं. मॅटची कड ॲक्सिलरेटरच्या खाली येत होती. पॅडल तळापर्यंत जातच नव्हतं, त्यामुळे गाडीला कधी कळलंच नाही की चालवणाऱ्याला घाई आहे. खर्च शून्य.

हे मॅट उलट दिशेनेही घातक ठरू शकतं. पॅडल त्यात अडकून दाबलेलंच राहिलं तर काय होईल, याची कल्पना करा. म्हणून तपासणीची सुरुवात पायापासूनच करा.

पायाचीच दुसरी एक चूक म्हणजे ऑटोमॅटिक दोन्ही पायांनी चालवणं. क्लच नाही म्हणून डावा पाय ब्रेकवर टेकवून ठेवायची सवय काहींना लागते. आजकालच्या बऱ्याच गाड्यांमध्ये ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकत्र दाबले गेले की सुरक्षिततेसाठी इंजिनची ताकद आपोआप कमी केली जाते. तुम्ही म्हणता गाडी उठत नाही, गाडी म्हणते मला थांबायला सांगितलंय! ऑटोमॅटिक एकाच पायाने, उजव्याने चालवायची.

बॉनेटखाली काय बघायला सांगाल?

सर्वात स्वस्तापासून सुरुवात करायची, हा साधा नियम. एअर फिल्टर आपल्याकडच्या धुळीत कंपनीच्या अंदाजाआधीच भरतो. गाडी बरेच दिवस उभी असेल तर फिल्टरच्या डब्यात उंदराने संसार थाटलेलाही सापडतो. त्यानंतर थ्रॉटल बॉडी. इंजिनमध्ये हवा सोडणारी ही झडप काजळीने चिकट झाली की हलक्या दाबाला प्रतिसाद देत नाही. ती साफ करणं हे मोठं काम नाही. हवेचं प्रमाण मोजणारा सेन्सर मळला तरी असंच होतं, विशेषतः कोणी बाहेरचा, तेल लावलेला 'परफॉर्मन्स' फिल्टर बसवला असेल तर.

टर्बो गाडी जोर लावताना फुसफुस किंवा शिट्टीसारखा नवाच आवाज करत असेल, तर टर्बोकडून इंजिनकडे जाणारा हवेचा पाइप कुठेतरी फाटलाय किंवा क्लिप सैल झालीय का ते बघायला सांगा. डिझेल गाडीत फिल्टरमध्ये पाणी साचणं ही जुनी तक्रार.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आल्यावर डिझेल गाड्यांमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आला. तो स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी त्याला चांगलं तापावं लागतं. घर ते ऑफिस चार किलोमीटर आणि परत, एवढंच चालणाऱ्या डिझेल एसयूव्हीत तो तुंबतो आणि मग गाडीची ताकदच कमी केली जाते. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला तर दुर्लक्ष न करता मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे हायवेला एक सलग फेरी मारा.

आणि हो, ई-२०. सध्या गाडीचं काहीही बिघडलं की व्हॉट्सॲपवर इथेनॉलच्या नावाने बोटं मोडली जातात. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे मायलेजवर थोडा परिणाम होतो हे खरं. पण दाबल्यावर क्षणभर गप्प राहून मग व्यवस्थित पळणाऱ्या गाडीचा दोष आधी वर सांगितलेल्या गोष्टींत शोधावा, असं आमचं मत.

गिअरबॉक्सचं म्हणाल तर त्याच्या तेलाबद्दल मोठा गैरसमज आहे. काही कंपन्या 'लाइफटाइम' तेल असल्याचं सांगतात. पण झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी मोठी जर्मन कंपनी स्वतःच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलण्याची शिफारस करते. आपल्याकडची उष्णता, घाट आणि ट्रॅफिक बघता मॅन्युअलमधलं 'सिव्हिअर' म्हणजे खडतर वापराचं वेळापत्रक आपल्याला लागू होतं असं धरूनच चाला. तेल मात्र मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. सीव्हीटीचं तेल आणि साधं ऑटोमॅटिकचं तेल एक नव्हे. चुकीचं तेल घातलं तर मग खरोखरच गिअरबॉक्स उघडावा लागेल.

शेवटची शक्यता सॉफ्टवेअरची. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर तुमची चालवण्याची पद्धत शिकत असतो. कंपन्या त्यात सुधारणा काढतात आणि सर्व्हिस सेंटरमध्ये ती मोफत मिळूही शकते, पण विचारावं लागतं. एएमटीत क्लचची झीज वाढली की स्कॅनर लावून त्याला नव्याने 'शिकवावं' लागतं. युट्यूबवर बॅटरीची वायर काढून 'रिसेट' करायची युक्ती फिरते, ती टाळा. शिकलेलं पुसलं गेलं की काही दिवस गाडी आणखी विचित्र चालू शकते.

बिघाड नाही, पण ओव्हरटेक तर करायचाय

स्वभाव बदलत नाही म्हटल्यावर त्याच्याशी जुळवून घ्यायचं. ओव्हरटेक करायचा विचार मनात आला की बाहेर निघण्याआधीच मॅन्युअल मोडमध्ये किंवा स्टीअरिंगमागच्या पॅडलने एक-दोन गिअर खाली घ्या. स्पोर्ट मोड असेल तर तो लावा. आरपीएम अडीच-तीन हजारांच्या आसपास आले, गाडी ताणलेली जाणवली, की मग उजवीकडे निघा. मॅन्युअल गाडी चालवताना आपण हेच करायचो. ऑटोमॅटिक आली आणि ते विसरलो. वळणावर आणि दुहेरी पट्ट्यावर मात्र कितीही चपळ गाडी असली तरी ओव्हरटेक नाहीच.

घाटात इको मोड बंद ठेवा. एएमटी असेल तर गिअर बदलेल असं वाटताच पाय किंचित सैल सोडा, गचका बराच कमी होतो. चढावर थांबल्यावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका. ड्युअल क्लच आणि एएमटीत क्लच तापतो, इशारा येतो आणि पुढे गाडी उचलतच नाही. ब्रेक दाबून थांबा.

सिग्नलला किंवा यू-टर्नला होणारा उशीर वेगळा. ताशी ५-१० च्या वेगात गाडी रांगत असताना तुम्ही अचानक दाबलं की पहिला टाकू की दुसरा, अशी गिअरबॉक्सची द्विधा होते. समोरच्या फटीत घुसायचं असेल तर आधी पूर्ण थांबा आणि मग निघा, पहिला गिअर पक्का मिळेल. इंजिन आपोआप बंद-चालू होणारी सोय (आयडल स्टार्ट-स्टॉप) अशा ठिकाणी बटण दाबून बंद केलेली बरी.

पॅडलला लावायचे 'पिकअप वाढवणारे' बॉक्स ऑनलाइन भरपूर मिळतात. त्यांनी इंजिनची ताकद वाढत नाही. तुम्ही पाव दाबलेलं ते अर्धं दाबलं म्हणून सांगतात, बस्स. इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून घेतलं, तर वॉरंटीवर पाणी सोडायची तयारी ठेवा.

सर्व्हिस सेंटरला काय सांगायचं?

"पिकअप नाही" एवढंच सांगितलंत तर गाडी धुऊन परत मिळेल. इंजिन थंड होतं की गरम, वेग किती, कोणता मोड, चढ होता का, आरपीएमच्या काट्याने काय केलं, हे लिहून न्या आणि व्हिडिओ दाखवा. टेक्निशियनला शेजारी बसवून स्वतः फेरी मारा. स्कॅनर लावल्यावर साठलेले कोड लिहून मागा, इंजिनचा दिवा लागलेला नसला तरीही. उदाहरणार्थ, पी ०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी पडतोय, पी २१३८ म्हणजे ॲक्सिलरेटर पॅडलच्या दोन सेन्सरचा मेळ बसत नाहीये, तर पी ०७४१ टॉर्क कन्व्हर्टरच्या क्लचकडे बोट दाखवतो. यातल्या पहिल्या दोन कोडवर कोणी गिअरबॉक्स उघडायची भाषा करत असेल, तर दुसरीकडे दाखवा.

गाडी वॉरंटीत असेल तर प्रत्येक वेळी ही तक्रार जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि प्रत जपून ठेवा. तोंडी तक्रार वॉरंटी संपल्यावर कोणालाच आठवत नाही. दाद लागत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

गाडी एकाच गिअरमध्ये अडकली, गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आला किंवा जळका वास सुटला, तर मात्र "घरापर्यंत नेऊ" म्हणून पुढे जाऊ नका. हझार्ड दिवे लावा, डाव्या बाजूला सुरक्षित जागी थांबा आणि गाडी टो करून न्या. टो कसं करायचं तेही मॅन्युअलमध्ये बघा, कारण पुढची किंवा मागची चाकं जमिनीवर फिरवत ओढत नेल्याने बऱ्याच ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं नुकसान होतं. फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक मागवणं सगळ्यात सुरक्षित.